दयेचा हिशेब मागणारा अर्थशास्त्री

शासन जेव्हा एखाद्या वर्गाचे कल्याण करावयास निघते, तेव्हा त्या कल्याणाचा खर्च अखेर कोणाच्या पदरातून जातो, आणि ज्याच्या पदरातून तो जातो त्याची संमती कोणी, कधी व कोणत्या दप्तरी नोंदवून घेतली होती, हा प्रश्न ज्या मोजक्या मराठी विचारवंतांनी आयुष्यभर न कंटाळता विचारला, त्यांत शरद जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. शेतकरी संघटनेचे नेते म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. रस्ते अडविणारा, रेल्वे रोखणारा, छातीवर लाल बिल्ला लावलेल्या लाखोंच्या सभा घेणारा पुढारी म्हणून त्यांची प्रतिमा लोकांच्या स्मरणात आहे. परंतु त्या सर्व खळबळीच्या मुळाशी अर्थशास्त्राचा एक शिस्तबद्ध अभ्यासक बसलेला होता आणि त्याचा मूळ धर्म संशयाचा होता, ही गोष्ट अजूनही पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. प्रस्तुत लेख त्या संशयाविषयी आहे.

महाराष्ट्रातील अर्थचिंतनाची परंपरा पाहिली तर हा संशय किती एकाकी होता हे कळते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडमधील मुक्त व्यापाराचे सिद्धांत या देशाच्या परिस्थितीस जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि उद्योगांच्या वाढीसाठी सरकारने पुढाकार घेतला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे धनंजयराव गाडगीळांनी सहकार आणि नियोजन या दोन खांबांवर महाराष्ट्राच्या अर्थकारणाची उभारणी केली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उभा राहिला. म्हणजे शासन हे प्रजेचे पालक आहे आणि शहाण्या माणसांच्या हाती कारभार दिला म्हणजे दारिद्र्य हटेल, ही श्रद्धा आपल्याकडे उदारमतवाद्यांपासून समाजवाद्यांपर्यंत सर्वांनाच कमीअधिक प्रमाणात मान्य होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ साली, बी. आर. शेणॉय यांनी अर्थतज्ज्ञांच्या मंडळात आपले भिन्नमत एकट्याने नोंदविले, तेव्हा त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. जोशींचा संशय मात्र कोणत्याही ग्रंथातून उसना आलेला नव्हता. तो शेताच्या खतावणीतून आला होता, आणि म्हणूनच तो खेड्यापाड्यांतील माणसास एकदम पटला.

३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्मलेले जोशी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडले, काही काळ अध्यापन करून १९५८ साली भारतीय टपाल सेवेत दाखल झाले आणि दहा वर्षांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत अधिकारी म्हणून गेले. तेथील सुस्थिर नोकरी सोडून ते परत आले आणि १९७७ साली चाकणजवळ आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू जमीन विकत घेतली. या देशाचे दारिद्र्य कोरडवाहू शेतीत आहे आणि ते समजून घ्यावयाचे तर ती शेती स्वतः करून पाहिली पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती. बियाणे, खत, मजुरी, वाहतूक, आडत असा पैन्‌पैचा हिशेब त्यांनी लिहिला आणि निष्कर्ष असा निघाला, की शेतकरी आळशी, अडाणी किंवा उधळ्या आहे म्हणून शेती तोट्यात जात नसून ती तोट्यात राहावी अशीच एकंदर धोरणाची रचना आहे. कुळकायदा, पतपुरवठा, संकरित बियाणे, प्रौढ शिक्षण, व्यसनमुक्ती हे सारे उपाय सांगणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. शेतमालाचा भाव कोण पाडतो, हे विचारणारा मात्र कोणी नव्हता.

हा प्रश्न परभणी जिल्ह्यात जितका अंगाला भिडतो तितका क्वचितच अन्यत्र भिडत असेल. परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळे ते सर्व मराठवाड्यात प्रसिद्ध असून रेल्वेनेही आपल्या स्थानकास 'पोखर्णी नृसिंह' असेच नाव दिले आहे. भोवतालची जमीन काळी, कसदार, ओल धरून ठेवणारी. या मातीत पूर्वी कापूस आणि ज्वारी, आणि गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन व तूर, अशी पिके निघतात. म्हणजे ज्या ज्या पिकावर स्वतंत्र भारतातील सरकारांनी लेव्ही, एकाधिकार, निर्यातबंदी, साठामर्यादा, वायदेबंदी अशी नाना हत्यारे चालवून पाहिली, ती बहुतेक पिके या एका शिवारात आढळतात. शेतकरी संघटनेने आपले दुसरे अधिवेशन १९८४ च्या फेब्रुवारीत परभणीस भरविले, तेव्हा या भागातील माणसे बैलगाड्या जोडून, भाकरी बांधून तिकडे लोटली होती. त्यांना अर्थशास्त्राचे सिद्धांत ऐकावयाचे होते असे नव्हे. आपल्या घरातील तुटीचे कारण कोणीतरी प्रथमच सरळ भाषेत सांगत आहे, ही जाणीव त्यांना ओढून नेत होती.

शेतमाल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याच्या हाती जो कागद देतो त्यास पट्टी म्हणतात. वर शेतकऱ्याचे नाव, खाली मालाचे वजन, दर, आणि एकूण रक्कम. त्यानंतर वजावटीचा रकाना: मोटारभाडे, हमाली, तोलाई, वाराई, रिकाम्या पोत्यांची किंमत, आगाऊ घेतलेली उचल, आणि पूर्वी शेतकऱ्याकडूनच कापली जाणारी आडत. या सर्व रकमा वजा जाऊन जे उरेल ते शेतकऱ्याचे. परंतु भाव पडलेला असला म्हणजे, विशेषतः कांदा, टोमॅटो, वांगी अशा नाशवंत मालात, असाही प्रसंग येतो की वजावटीची बेरीज विक्रीच्या रकमेहून मोठी होते. मग शेतकऱ्याने माल तर द्यावयाचाच, वर खिशातून चार पैसे काढून आडत्याचे देणे भागवावयाचे. यास उलटी पट्टी म्हणतात. ज्या देशात असा कागद नित्याच्या व्यवहारात छापून तयार होतो, त्या देशातील शेतकऱ्यास सरकार अनुदान देऊन जगविते असे म्हणणे किती धाडसाचे आहे, हे जोशींनी दाखविले. त्यांनी हीच उलटी पट्टी गावच्या आडत्यापासून उचलून देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत नेली. खतावर, विजेवर, पाण्यावर, कर्जाच्या व्याजावर सरकार जे देते ते एका बाजूस मांडावे. आणि निर्यातबंदीने, सक्तीच्या खरेदीने, परदेशातून स्वस्त माल आणून भाव पाडल्याने जे काढून घेतले जाते ते दुसऱ्या बाजूस मांडावे. वजाबाकी केली म्हणजे शिल्लक उणे येते. हे म्हणणे अनेकांना पुष्कळ वर्षे अतिशयोक्तीचे वाटले. पुढे २०१८ साली ओईसीडी ही श्रीमंत राष्ट्रांची आर्थिक संघटना आणि दिल्लीतील इक्रिअर ही संशोधनसंस्था यांनी मिळून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्यास मिळालेले एकूण साहाय्य, सर्व अनुदाने जमेस धरूनही, त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होते असा निष्कर्ष निघाला. आंबेठाणच्या खतावणीत जे आढळले होते, तेच सतरा वर्षांच्या आकडेवारीतही आढळले.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बास्तिया नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. सरकारी उपायाचे जे परिणाम डोळ्यांना दिसतात तेवढेच पाहून वाईट अर्थशास्त्रज्ञ समाधान मानतो, आणि जे दिसत नाहीत त्यांचाही जो विचार करतो तो चांगला, असा त्याचा आशय होता. कांद्याच्या निर्यातबंदीत हा भेद जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. शहरातील गृहिणीस कांदा दोन रुपयांनी स्वस्त मिळाला, हे दिसते. वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. चाकणच्या किंवा लासलगावच्या शेतकऱ्याचे त्या हंगामातील उत्पन्न बुडाले, त्याने पुढच्या वर्षी कांद्याचे क्षेत्र कमी केले, त्यामुळे पुन्हा टंचाई झाली आणि तीच गृहिणी दुप्पट भाव देऊ लागली, ही साखळी कोणी जोडून पाहत नाही. १९७८ साली निर्यात बंद झाल्यामुळे कांद्याचे भाव कोसळले, आणि चाकणच्या त्या कांद्यावरूनच जोशींच्या आंदोलनास तोंड फुटले. ९ ऑगस्ट १९७९ रोजी शेतकरी संघटनेची स्थापना झाली. अनुदान नको, सूट नको, घामाचे दाम हवेत, ही घोषणा त्या काळातली. तिच्यातील स्वाभिमान लोकांच्या ध्यानात राहिला, परंतु तीत एक आर्थिक सिद्धांतही होता: जो माझा भाव पाडतो त्याने मला मदत देऊ नये, त्याने आपला हात काढून घ्यावा.

मराठवाड्यास हा सिद्धांत शिकविला तो कापसाने. महाराष्ट्र शासनाने १९७१ साली कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. व्यापारी आणि गिरणीमालक संगनमताने कापूस उत्पादकास नागवितात, तेव्हा मधली सर्व मंडळी दूर सारून शासनानेच सहकारी पणन महासंघामार्फत सर्व कापूस खरेदी करावा, हमीभाव आरंभी द्यावा आणि रुई-सरकी विकून जो नफा होईल तो पुढील हप्त्यांनी शेतकऱ्यासच वाटावा, अशी ती कल्पना होती. हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. आणि आरंभीच्या काही हंगामांत पुष्कळ शेतकऱ्यांना ती आपलीशी वाटली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु कायद्याने एकच खरेदीदार ठेवला, याचा अर्थ शेतकऱ्याने आपला कापूस दुसऱ्या कोणास विकणे हा गुन्हा झाला. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या घामाने पिकविलेला माल गाडीत भरून राज्याच्या हद्दीपलीकडे नेला तर तो चोरटा व्यापार ठरू लागला. सरहद्दीच्या नाक्यांवर पहारे बसले. आणि भोकर-किनवटकडच्या शेतकऱ्यास पलीकडे आदिलाबादेस अधिक भाव दिसत असतानाही आपला माल अलीकडेच ठेवावा लागला.

त्या काळचे खरेदी केंद्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत गाड्यांची रांग केंद्राच्या फाटकापासून सडकेपर्यंत लागलेली असे. बैल सोडून जुवाशी बांधलेले, कडब्याच्या पेंढ्या संपत आलेल्या, आणि गडी गाडीखालीच पथारी टाकून आपल्या नंबराची वाट पाहत पडलेला. नंबर आला म्हणजे ग्रेडर बोरीत हात घालून मूठभर कापूस काढी, सरकीपासून धागा ओढून त्याची लांबी पाही, ओल आहे काय, कवडी किती, पालापाचोळा किती याचा अंदाज घेई आणि प्रत सांगे. त्या एका शब्दावर शेतकऱ्याच्या वर्षाची मिळकत ठरे, आणि त्यावर अपील करण्याजोगा दुसरा ग्राहक कायद्यानेच ठेवलेला नव्हता. काटा झाला, काटापट्टी हाती आली, तरी पैसा हाती येत नसे. चुकारा कित्येक दिवसांनी, प्रसंगी महिन्यांनी निघे. त्यातून सोसायटीच्या कर्जाची वसुली परस्पर कापलेली असे, निधीची कपात वेगळी. व्यापारी लबाडी करीत होता हे खरेच. परंतु लबाड व्यापाऱ्याच्या शेजारी दुसरा व्यापारी तरी बसलेला असतो. एकाधिकाराने शेतकऱ्याची ती शेवटची पळवाटही बंद केली, आणि त्यास संरक्षण असे नाव दिले. याच असंतोषातून १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या प्रश्नावर रेल्वे रोखण्यात आल्या. १० डिसेंबर रोजी हिंगोलीजवळ सुरेगाव येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होती. एकाधिकार खरेदीची योजना पुढे तोट्यात रुतत गेली, भाव देण्याचे निर्णय पेढ्यांच्या हिशेबाऐवजी निवडणुकांच्या हिशेबाने होऊ लागले, हजारो कोटींचा भार राज्याच्या तिजोरीवर पडला आणि या शतकाच्या आरंभी एकाधिकार नाइलाजाने सैल करण्यात आला.

बाजार समित्यांची कथाही याच वळणाची आहे, आणि तिचा उगमही कापसातच आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. निजामाच्या राज्यात १३३९ फसली साली, म्हणजे १९३० च्या सुमारास, शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा. रुमालाखाली बोटे धरून गुपचूप भाव ठरविण्याची चाल मोडावी, मापात पाप होऊ नये, पैसे रोख मिळावेत, हे या कायद्यांचे मूळ उद्देश सर्वथैव योग्य होते. परंतु जेथे जेथे परवान्याशिवाय खरेदी करण्यास बंदी होते, तेथे तेथे परवाना ही एक इस्टेट बनते आणि ज्यांच्या हाती ती असते ते नव्या परवान्यांच्या वाटेवर उभे राहतात. एका पिढीने शेतकऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत पुढच्या पिढीत शेतकऱ्यास कोंडून ठेवते, हा जोशींचा आक्षेप होता, आणि परभणी जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत हंगामात दोन तास उभे राहिले तर तो निराधार वाटत नाही.

१९९१ नंतर देशाने खुल्या अर्थव्यवस्थेकडे पाऊल टाकले, जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावावर वादळ उठले, आणि डावे-उजवे बहुतेक सर्व पक्ष त्याविरुद्ध उभे राहिले असताना जोशींनी त्याचे स्वागत केले. काल रास्त भावासाठी सरकारशी भांडणारा मनुष्य आज सरकारच नको म्हणतो, हा पक्षबदल आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. ही टीका मला अन्यायाची वाटते. त्यांनी मागितलेला भाव हा सरकारने दयाबुद्धीने ठरवून द्यावा असा नव्हता. सरकारने हस्तक्षेप करून पाडलेला भाव पूर्वस्थितीस यावा, अशी ती मागणी होती. मात्र आंदोलनाच्या धामधुमीत हा भेद सर्व अनुयायांपर्यंत पोहोचला नाही, हे मान्य करावे लागते. त्यांच्या सभांना आलेल्या असंख्यांनी 'भाव द्या' एवढेच ऐकले, आणि 'बाजार मोकळा करा' हे ऐकण्याची वेळ आली तेव्हा त्यांतील बरेचजण दुसऱ्या झेंड्याखाली निघून गेले होते. १९९४ साली त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षास निवडणुकांत जे यश मिळाले ते त्यांच्या सभांच्या मानाने अल्प होते.

बियाण्याच्या बाबतीत त्यांची भूमिका आणखी कसाला लागली. बोंडअळीस प्रतिकार करणारा बीटी कापूस सरकारी मान्यतेपूर्वीच गुजरातेत शेतकऱ्यांच्या शेतात उभा असल्याचे २००१ साली उघडकीस आले आणि ते पीक जाळून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले. मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००२-०३ साली देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ साली तो ३९८ लाख गाठींवर गेला. या वाढीचे सारे श्रेय एका जनुकास देता येणार नाही, पाऊस आणि सिंचन यांचाही त्यात वाटा आहे. आणि पुढे गुलाबी बोंडअळीने त्या जनुकासही दाद दिली नाही व २०१७ च्या हंगामात मराठवाड्यातील शेतकऱ्यांस उभ्या पऱ्हाट्यांवर नांगर फिरवावा लागला, हे विसरता येणार नाही. परंतु अळीने नवी चाल केली म्हणजे शास्त्रानेही नवी चाल केली पाहिजे. त्यानंतरचे तंत्र वापरण्यास मात्र शेतकऱ्यास परवानगी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक-सहिष्णु कापसाची जाहीर लागवड करून सविनय कायदेभंग केला. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारा लाख टन जनुकपरिवर्तित सोयापेंड परदेशातून आणण्यास केंद्राने परवानगी दिली. असे बियाणे परभणीच्या शेतकऱ्याने पेरले तर तो गुन्हेगार. परदेशी शेतकऱ्याने पेरून त्याची पेंड आपल्याकडे विकली तर ती व्यापारास मान्य. या दोन निर्णयांचा मेळ कोणत्या तत्त्वाने घालावयाचा, याचे उत्तर जे धोरण आखतात त्यांनी दिले पाहिजे.

अर्थकारणातील हा संशय त्यांनी संस्कृतीच्या क्षेत्रातही तितक्याच निष्ठेने चालविला, आणि तेथे तो मला अधिक मोलाचा वाटतो. नगरे, मंदिरे, दरबार, विद्या आणि कला यांचा जो वैभवशाली इतिहास आपण अभिमानाने सांगतो, तो शेतातून उचलून नेलेल्या बचतीवर उभा आहे. तेव्हा त्या वैभवाचे वर्णन करताना ज्याच्या खळ्यावरून ते गेले त्याचीही नोंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या दैन्याचे जे विदारक चित्रण केले, त्याचे ऋण जोशी मोकळेपणाने मान्य करीत. परंतु शोषणाचा हिशेब त्यांनी शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी थांबविला नाही. सरकार शेतकऱ्यास लुटते हे जर खरे, तर शेतकऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईस कोण लुटते, हाही प्रश्न त्यांनी त्याच शेतकऱ्यांपुढे उभा केला. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे ग्रामीण स्त्रियांचे जे विराट अधिवेशन भरले, तसे मराठी मुलखात त्यापूर्वी भरले नव्हते. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा. कायद्याची सक्ती नाही, अनुदानाचे आमिष नाही; तरीही हजारो कुटुंबांनी सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लावले. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे रामावाचून एकट्या सीतेचे जे देऊळ आहे त्याचा जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकाराने झाला. टाकलेल्या, एकट्याने संसार ओढणाऱ्या बाईचे ते दैवत आहे, असे ते मानीत.

म्हणूनच ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले, आणि ते एक विरोधी मत शरद जोशींचे होते, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ज्यांच्या संघटनेने विधानसभा-लोकसभेत आरक्षणाची भाषा रूढ होण्यापूर्वीच ग्रामपंचायतींत संपूर्ण स्त्रियांची पॅनेले उभी केली, जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावी ती निवडूनही आणली, त्यांनी हे मत का द्यावे? त्यांचे उत्तर स्पष्ट होते. दर निवडणुकीस राखीव मतदारसंघ फिरते राहणार असतील, तर निवडून आलेल्या बाईस आपण पुन्हा या लोकांपुढे जाणार आहोत ही जबाबदारी वाटणार नाही, आणि तिला तेथे मुळेही धरता येणार नाहीत. स्त्री सबळ व्हावी हे ध्येय योग्य, परंतु चिठ्ठीने आलेली जागा तिला सबळ करीत नाही. त्यांचे अनुमान सर्वांशी खरे होते असे मी म्हणणार नाही. पंचायतींतील राखीव जागांनी मराठवाड्यातही कित्येक कर्तबगार सरपंच स्त्रिया पुढे आणल्या आहेत. तथापि ज्या सभागृहात सर्वांची बाके एकाच दिशेने वळली होती तेथे एकट्याने हात वर करून कारणे सांगणे, यास लोकशाहीत किंमत आहे. याच राज्यसभेत त्यांनी आणखी एक प्रश्न खाजगी विधेयकाने आणला होता: १९८९ च्या दुरुस्तीप्रमाणे राजकीय पक्षास नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते, मग ज्याचा समाजवादावर विश्वासच नाही अशा नागरिकाने खोटी शपथ घ्यावी काय? तो प्रश्न अद्याप तसाच आहे.

एवढे सर्व मान्य करूनही या विचाराच्या मर्यादा परभणीच्या मातीतच उभे राहून सांगितल्या पाहिजेत. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या जिल्ह्याच्या रानांपर्यंत पाणी आणतो. ते धरण कोणा सावकाराने किंवा कंपनीने बांधले नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीची 'परभणी क्रांती' दिली, त्याच्याच नांदेड येथील केंद्रातून एनएचएच ४४ हे कापसाचे वाण बाहेर पडले आणि बीटी येण्यापूर्वीच्या काळात त्याने हजारो घरे तारली. हे काम सरकारी पैशाने, सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञांनी केले. बाजार मोकळा असला तरी दोन एकर कोरडवाहू रानाचा धनी आणि गोदामांचा धनी हे त्यात समान बळाने उतरत नाहीत. ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या शेतमजुराच्या घरी शेतमालाचा वाढलेला भाव आपोआप मजुरी होऊन पोहोचतो, हे गृहीतक मला अपुरे वाटते. त्यासाठी मजुरांना वेगळे झगडावे लागले आहे व लागेल. शासन काही करू शकत नाही, असे म्हणण्याचा मोह संशयवाद्यास होतो. धरण, रस्ता, संशोधन, न्यायालय ही शासनाची खरी कामे असून ती ते अर्धवट टाकते आणि भाव ठरविणे, माल अडविणे, सरहद्दीवर नाके बसविणे यांत आपली शक्ती घालविते, असे म्हणणे मला अधिक न्यायाचे वाटते. आणि जोशींच्या विचाराचा टिकाऊ अर्थ हाच आहे, असे माझे मत आहे.

१२ डिसेंबर २०१५ रोजी ते पुण्यात निवर्तले. त्यानंतरही धोरणाची चाल बदललेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन-हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदेबाजार बंद करण्यात आले. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात पुन्हा थांबविली गेली आणि लोकसभेचे मतदान सुरू असताना, ४ मे २०२४ रोजी, ती उठली. त्याच वर्षीच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना मराठवाड्याच्या बाजारांत शेतकऱ्याच्या हाती त्याहून कितीतरी कमी पैसे पडले. शहरात राहणाऱ्या वाचकास माझी विनंती एवढीच, की कांदा महागला म्हणजे सरकारने काहीतरी करावे असे म्हणण्यापूर्वी, मागच्या हंगामात तो कोणत्या भावाने विकला गेला याची चौकशी करावी. आणि पोखर्णीच्या, सेलूच्या, पाथरीच्या शेतकऱ्यास विनंती, की आडत्याने दिलेली प्रत्येक पट्टी जपून ठेवावी, बियाण्यापासून मोटारभाड्यापर्यंतचा खर्च वहीत टिपावा, आणि मत मागावयास जो कोणी दारात येईल त्याच्यापुढे ती वही उघडून ठेवावी.